शाळेत मुलांना औषध द्यायचंय? आधी कर्मचाऱ्यांना असं तयार करा

आपल्याकडच्या बहुतेक शाळांमध्ये नर्स नसते. मुलाची दुपारची गोळी वर्गशिक्षिका देतात, नाहीतर ऑफिसमधले क्लार्क, शिपाईमामा, आश्रमशाळेत अधीक्षक किंवा अधीक्षिका. यांच्यापैकी कोणीही औषधांचं शिक्षण घेतलेलं नसतं, तरी फिटचं औषध, दम्याचा पंप, इन्शुलिन यांच्याच हातात येतं. ही माणसं मुलांच्या काळजीत कुठेही कमी पडत नाहीत. त्यांना कोणी नीट शिकवलेलं नसतं, एवढंच. शिकवण्याची ही जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे त्या मुख्याध्यापकांसाठी, आरोग्याचं काम बघणाऱ्या शिक्षकांसाठी आणि शाळेला मदत करणाऱ्या फार्मासिस्ट-डॉक्टरांसाठी हा लेख आहे.

सगळं प्रशिक्षण एका गोष्टीभोवती बांधा. कोणतं औषध, किती आणि कधी, हे डॉक्टर ठरवतात. शाळेनं ते लिहिल्याबरहुकूम मुलाला द्यायचं आणि दिल्याची नोंद ठेवायची. मी प्रशिक्षण देते तेव्हा सुरुवात इथूनच करते, कारण ही हद्द स्पष्ट झाली की शिकणाऱ्यांच्या मनातली भीती बरीच उतरते.

पायरी १ : शाळा काय देणार, काय नाही

प्रशिक्षणाआधी मुख्याध्यापकांनी हे लेखी ठरवावं. शाळेत फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि पालकांनी आणून दिलेलं औषध द्यायचं. डोकं दुखतंय म्हणून स्टाफरूमच्या ड्रॉवरमधली गोळी मुलाला द्यायची नाही. मोठ्यांची गोळी अर्धी करून तर नाहीच नाही. ताप आणि वेदनेसाठी मोठी माणसं सर्रास घेतात त्यातली काही औषधं मुलांना घातक आहेत. ॲस्पिरिनमुळे फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. खोकल्याचं सिरपही शाळेनं स्वतःहून ठेवू नये. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं विषारी कफ सिरपमुळे दगावली. त्यांच्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं.

पालकांना आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: हे औषध शाळेच्या वेळेतच द्यावं लागतं का? दिवसातून दोनदा किंवा तीनदा द्यायची बरीच औषधं डॉक्टरांना विचारून शाळेआधी, शाळेतून आल्यावर आणि रात्री अशी बसवता येतात. शाळेत डोस जितके कमी, तितकी गडबडीला जागा कमी.

पायरी २ : माणसं निवडा

दोघं मुख्य आणि एक राखीव. एकाच माणसावर भिस्त ठेवली की तो रजेवर गेला त्या दिवशी गोळी चुकते. ज्याला हे काम मनापासून नको आहे त्याच्यावर लादू नका. भीतीनं थरथरणारा हात सिरप नीट मोजू शकत नाही. निवडलेल्यांना ज्या वेळेला औषध द्यायचं त्या वेळेला दुसरं काम देऊ नका. मधल्या सुट्टीत एका हाताने पोषण आहाराची खिचडी वाढायची आणि दुसऱ्या हाताने गोळ्या द्यायच्या, असं होता कामा नये.

शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, गावातले बालरोगतज्ज्ञ किंवा ओळखीचे फार्मासिस्ट यांना बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीसाठी शाळेत येतं. त्या पथकात डॉक्टर, एएनएम (परिचारिका) आणि फार्मासिस्ट असतात. तपासणी आटोपल्यावर त्यांचा तासभर मागून घ्या.

पायरी ३ : कागद

प्रत्येक मुलासाठी दोन कागद हवेत: डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची सही असलेलं संमतीपत्र. चिठ्ठीवर मुलाचं पूर्ण नाव, औषधाचं नाव, ताकद, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि कोणता त्रास झाला तर लगेच कळवायचं, हे सगळं असावं. ॲलर्जी असेल तर ती लाल शाईनं.

यातली ‘ताकद’ कर्मचाऱ्यांना समोर बाटल्या ठेवून शिकवा, नुसतं सांगून ती कळत नाही. पॅरासिटामॉलचं एक सिरप ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमचं असतं, दुसरं ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅमचं. बाळांसाठीच्या थेंबांच्या छोट्या बाटलीत १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. तिन्ही बाटल्या ओळीनं मांडा आणि विचारा, “डॉक्टरांनी ५ मिली लिहिलंय, कुठल्या बाटलीतून देणार?” पहिल्या बाटलीतून मुलाच्या पोटात १२० मिलिग्रॅम जातं, दुसरीतून २५०, तिसरीतून ५००. वर्गात लगेच शांतता पसरते, आणि लेबल वाचायची गरज पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही हवेत. हिशेब कर्मचाऱ्यानं करायचा नाही. चिठ्ठी आणि बाटली जुळत नसतील तर औषध थांबवायचं आणि पालकांना किंवा डॉक्टरांना फोन करायचा.

‘दोन चमचे’ असं लिहिलेली चिठ्ठी परत पाठवा. घरोघरचे चमचे वेगळ्या मापाचे असतात. ‘मॅडम, आजपासून गोळी एक ऐवजी दोन द्या’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला तरी मात्रा बदलायची नाही. बदललेली चिठ्ठी हाती आली की मगच.

पायरी ४ : औषध ताब्यात घेणं आणि ठेवणं

औषध पालकांनी स्वतः आणून द्यावं. दप्तरातून येऊ नये. घेताना मूळ बाटली किंवा पूर्ण स्ट्रिप घ्या. दवाखान्यातून कागदाच्या पुडीत दिलेल्या सुट्या गोळ्या शाळेनं घेऊ नयेत. त्यावर ना नाव असतं, ना ताकद, ना मुदत. ही गोष्ट पालकांना रागावून सांगू नका. त्यांना डॉक्टरांकडून नाव लिहून घेऊन मेडिकलमधून स्ट्रिप आणायला सांगा. तोवर डोस द्यायला घरच्या कोणालातरी शाळेत येऊ द्या.

घेताना पालकांसमोर गोळ्या मोजा आणि दोघांच्या सह्या घ्या. ज्या मुलांचं लक्ष एकाग्र होत नाही त्यांना मिथाइलफेनिडेट नावाचं औषध दिलं जातं. ते कायद्यानं नियंत्रित आहे, म्हणून ते कुलुपातच ठेवायचं आणि दर आठवड्याला दोघांनी मिळून मोजायचं.

मुदतीची तारीख महिना आणि वर्ष अशी असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप याला अपवाद आहे. ते साधारण आठवडाभरच टिकतं, म्हणून तयार केल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहून घ्या.

कपाट कुलुपाचं, उन्हापासून आणि चुलीपासून लांब. पण दम्याचा पंप, फिट थांबवायचा नाकातला स्प्रे आणि शुगर कमी झाल्यावर द्यायचं ग्लुकोज कुलुपात ठेवू नका. ते मुलाच्या जवळ किंवा सगळ्या शिक्षकांना माहीत असलेल्या ठिकाणी हवं. किल्ली शोधण्यात गेलेली मिनिटं अशा वेळी परवडत नाहीत.

फ्रिजमध्ये लागणारी औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. इन्शुलिन एकदा गोठलं की फेकून द्यायचं. विदर्भात एप्रिल-मेचा उन्हाळा असतो आणि दुपारी वीज जाते, तिथे इन्शुलिनसाठी थंड पाण्याचा छोटा डबा किंवा ओल्या मातीचा माठ यांची सोय आधीच करून ठेवावी. बाटली पिशवीत बांधून ठेवायची, म्हणजे ओल लागत नाही.

पायरी ५ : प्रत्यक्ष देणं

प्रशिक्षणाचा सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि तोही हातानं करून घेण्यात. रिकाम्या बाटल्यांत रंगीत पाणी भरा, गोळ्यांच्या जागी लिमलेटच्या गोळ्या ठेवा, एकानं मूल व्हायचं आणि दुसऱ्यानं औषध द्यायचं. प्रत्येकाची पाळी आली पाहिजे.

आधी हात धुवायचे. मग मुलाची ओळख. आपल्या वर्गात दोन ‘वेदांत पाटील’ असणं नवीन नाही. “तू वेदांत ना?” असं विचारलं की दोघंही ‘हो’ म्हणतात. म्हणून “तुझं पूर्ण नाव सांग, आईचं नाव सांग” असं विचारायचं आणि रजिस्टरला लावलेल्या फोटोशी ताडून बघायचं. लहान मुलं घाबरून काहीही सांगतात. त्यांच्यासोबत वर्गशिक्षिका असाव्यात.

आता लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, मात्रा ओतताना आणि परत ठेवताना. दर वेळी नाव, औषध, ताकद, मात्रा, वेळ, कशातून द्यायचं आणि मुदत. मनातल्या मनात नको, हळू आवाजात. तोंडानं म्हटलं की डोळे शब्द गाळत नाहीत.

सिरप देताना बाटली हलवा. लेबल तळहाताकडे धरून ओता, म्हणजे ओघळ आला तरी अक्षरं पुसत नाहीत. माप टेबलावर ठेवून, डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा. हातात धरून वरून बघितलं तर माप चुकतं. ५ मिलीपेक्षा कमी असेल तर सुईशिवायची छोटी सिरिंज वापरा आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध घशात ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

गोळी बोटांनी न धरता स्ट्रिपमधून थेट छोट्या वाटीत टाका. मुलाला बसवून, पाण्याबरोबर द्या आणि गिळल्याची खात्री करा. गोळी चुरून द्यायची का, हे चिठ्ठीत लिहिलेलं असेल तरच. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या चुरल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया दिलं जातं. गडचिरोली आणि नंदुरबारकडच्या आश्रमशाळांत हे औषध नेहमी दिसतं. ते हातमोजे घालून द्यायचं आणि कॅप्सूल उघडायची नाही. गरोदर शिक्षिकेकडे हे काम देऊ नका.

वेळेबाबत: साधारण अर्धा तास मागेपुढे चालतं. फिटचं औषध मात्र वेळेवरच द्या. इन्शुलिनचा डोस असेल तर आधी मुलाचं ताट समोर आल्याची खात्री करा.

इन्शुलिनबद्दल आपल्या देशातला एक खास धोका सांगायलाच हवा. इथे दोन ताकदी मिळतात: १ मिलीमध्ये ४० युनिट आणि १ मिलीमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० च्या इन्शुलिनला ४० ची सिरिंज लावली तर डोस अडीचपट होतो. दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाकडून हा फरक म्हणवून घ्या. शक्यतो मूल स्वतः टोचून घेईल आणि कर्मचारी आकडा बघेल, अशी व्यवस्था करा. टाइप १ मधुमेहाच्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावं आणि गरज पडेल तेव्हा खाऊ द्यावं, असं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना कळवलं आहे.

पायरी ६ : नोंद

दिल्या दिल्या लिहायचं. संध्याकाळी आठवून नाही, आणि आधी सही करून ठेवायची तर अजिबात नाही. तारीख, वेळ, मूल, औषध, मात्रा, सही आणि शेरा. आधीच सही केलेली असेल तर दुसऱ्याला वाटतं गोळी दिली गेली आणि मूल औषधाविना राहतं. लिहायचं राहिलं तर तीच गोळी दोनदा जाते.

रजिस्टर कोणालाही चाळायला ठेवू नका. मुलीला फिट येते ही गोष्ट गावभर झाली की लोक तिच्या लग्नाचं बोलू लागतात आणि मग घरचे औषधच शाळेत पाठवायचं बंद करतात. एचआयव्हीची माहिती तर २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय उघड करताच येत नाही.

पायरी ७ : काही बिनसलं तर

मूल नाही म्हणालं तर जबरदस्ती नको. पालकांना कळवा आणि शेरा लिहा. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर स्वतःहून दुसरी देऊ नका, पालकांना किंवा डॉक्टरांना विचारा. डोस राहून गेला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

चुकीचं औषध गेलं किंवा चुकीच्या मुलाला गेलं, तर काय करायचं, याचा सरावही घ्या. आधी मुलाकडे बघा: शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का. त्रास दिसला तर १०८. नसला तरी लगेच डॉक्टरांना फोन, मग पालकांना, मग मुख्याध्यापकांना. बाटली किंवा स्ट्रिप हातात ठेवा, डॉक्टर तिच्याबद्दल विचारणार. मुद्दाम उलटी करवू नका. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: चूक सांगायला आलेल्याला त्या क्षणी झापू नका. झापलं की पुढची चूक दडवली जाते आणि त्याची किंमत मूल मोजतं.

पायरी ८ : तीन आणीबाणीचे प्रसंग

हे प्रसंग औषध द्यायला नेमलेल्या तिघांनाच नव्हे, सगळ्या शाळेला शिकवा. खेळाच्या तासाला झटका आला तर तिथे पीटीचे सर असतात.

दमा. मुलाला सरळ बसवा, आडवं करू नका. पंप हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत एक-दोनदा दाबा. स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून एक पफ, मग त्यातूनच पाच-सहा सावकाश श्वास, मग दुसरा पफ. किती पफ ते चिठ्ठीत असतं. पंप थेट तोंडात दाबला तर बरंचसं औषध घशातच चिकटतं, म्हणून स्पेसर शाळेतही ठेवायला सांगा. मुलाला सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पफनं फरक पडत नसेल तर १०८.

फिट. घड्याळ बघा, ही पहिली गोष्ट. आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा, डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर ठेवा, मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा स्प्रे, चिठ्ठीत लिहिलेले पफ दोन्ही नाकपुड्यांत वाटून, आणि १०८. पहिल्यांदाच फिट आली असेल, मूल पाण्यात पडलं असेल किंवा जखम झाली असेल तर पाच मिनिटं थांबू नका.

शुगर कमी होणं. मधुमेहाचं मूल घामेजलं, थरथरू लागलं, चिडचिड करू लागलं किंवा वेगळंच बोलू लागलं, तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल किंवा तपासायची सोय नसेल, तर सपाट तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. अगदी लहान मुलाला चिठ्ठीत लिहिलेलं प्रमाण. चॉकलेट किंवा बिस्किट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. सुधारल्यावर पोळी-भाजी खाऊ घाला. अशा मुलाला एकट्याला बाथरूमला किंवा घरी पाठवू नका. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच न घालता कुशीवर ठेवा आणि १०८.

पायरी ९ : सरकारी गोळ्यांचा दिवस

जंताच्या गोळ्यांचा दिवस १० फेब्रुवारीला आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्येही असतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून, शिक्षकांसमोरच खायची. लहान मुलांना चुरून पाण्याबरोबर. घरी न्यायला द्यायची नाही, आजारी मुलाला त्या दिवशी द्यायची नाही. आठवड्याची लोहगोळी (पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी) जेवणानंतर द्यायची, उपाशीपोटी मळमळतं. दुधा-चहाबरोबर दिली तर लोह नीट शोषलं जात नाही. शौच काळसर होते हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर घरी घबराट होते. एका दिवसात शेकडो मुलं असल्यामुळे इथे नाव तपासण्यात ढिलाई येते. थॅलेसेमियाच्या मुलांची यादी शिक्षकांच्या हातात हवी. त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं, त्यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहगोळी नको.

पायरी १० : परीक्षा घ्या

शेवटी प्रत्येकानं प्रत्यक्ष मुलाला पहिले काही डोस शिकवणाऱ्याच्या नजरेखाली द्यावेत. लेबल तीनदा वाचलं, ओळख विचारली, माप टेबलावर ठेवून वाचलं, लगेच नोंद केली, हे सगळं न सांगता झालं की मगच त्याचं नाव मंजूर यादीत लिहा. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा उजळणी, आणि फिटचा सराव वर्षातून दोनदा तरी. सहल निघाली की औषधाची पिशवी आणि चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स शिकलेल्या माणसाच्या हातात, बसच्या डिकीत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीआधी कपाट रिकामं करा. उरलेलं औषध मोजून पालकांच्या हातात द्या आणि सही घ्या. मुदत संपलेलं कोणी न्यायला आलं नाही तर ते मोरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा पाऊण भरला की तोही तिथेच द्या.